दोष आणि भार

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या आळीतले एक घर दारे-खिडक्या लावून बसते. अंगणात तुळशीपुढे पणती असते, दाराला तोरण असते, आकाशकंदीलही टांगलेला असतो. पण पहिला फटाका वाजण्यापूर्वी त्या घराच्या खिडक्यांना आतून गोधड्या लागतात. नवखा मनुष्य म्हणेल, घरात काही अशुभ घडले असावे. तसे काही नसते. त्या घरात सोळा वर्षांचा एक मुलगा आहे. फटाक्याचा आवाज आपल्याला ऐकू येतो. त्याला तो लागतो, दगड लागावा तसा. म्हणून आजी त्याला माजघरात घेऊन बसते, थोरली बहीण त्याच्या कानांवर जाड हेडफोन चढवते, आणि बाप फाटकाशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना हात जोडतो.

सणाच्या अंकात ही हकीकत कशाला, असे कुणी म्हणेल. पण सण घराचा असतो, आणि मी ज्या प्रश्नाविषयी लिहिणार आहे तोही घराचाच आहे. फराळाचे ताट शेजारी ठेवून आपण हा अंक चाळत असाल. त्या ताटातली एखादी करंजी अशा बंद घराकडे जावी, एवढ्याच हेतूने हे लिहितो आहे.

त्या मुलाला जे आहे त्याला डॉक्टर ऑटिझम म्हणतात. मराठीत स्वमग्नता हा शब्द रूढ झाला आहे. शब्द सुरेख आहे, आणि म्हणूनच थोडा फसवाही आहे. स्वमग्न म्हटले की डोळ्यांपुढे ध्यानस्थ योगी उभा राहतो. हा मुलगा तसा नव्हे. पत्र्यावर पडणाऱ्या पावसात, पंख्याच्या पात्यांत, डब्याच्या गरगरणाऱ्या झाकणात तो मग्न असतो. आपल्या बोलण्यात, हसण्यात, डोळ्यांच्या खुणांत मात्र त्याला आपसूक वाट सापडत नाही. दुसऱ्याच्या मनातले चेहऱ्यावरून ओळखणे, आपल्या मनातले शब्दांत घालणे, ठरलेल्या क्रमात बदल झाला तर तो सोसणे, या गोष्टी आपण न शिकता शिकतो; त्याला त्या एकेक पायरी चढून शिकाव्या लागतात. अशा मुलांत कुणाला बोलताच येत नाही, तर कुणी घडाघडा बोलतो पण संवाद जमत नाही. कुणाची बुद्धी मंद, कुणाची तल्लख. एकासारखा दुसरा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात दर १२७ माणसांमागे एक माणूस स्वमग्न होता. म्हणजे प्रत्येक मोठ्या शाळेत अशी दोन-चार मुले असायला हवीत. ती दिसत नसतील तर ती कुठे आहेत, हे आम्हा शिक्षकांनी स्वतःला विचारले पाहिजे.

मी ते फार उशिरा विचारले. दहा वर्षांपूर्वी हा मुलगा माझ्या वर्गात पहिलीत आला. हाक मारली तर वळून पाहत नसे. घंटा झाली की दोन्ही कान दाबून भिंतीशी बसे. आणि सारा वर्ग शांत असताना एकाएकी खणखणीत आवाजात म्हणे, "सावंतवाडीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आहे. प्रवाशांनी नोंद घ्यावी." एस. टी. स्टँडवरची घोषणा, अक्षरन् अक्षर, त्याच सुरात! मुले हसत. मीही एकदोनदा हसलो, हे कबूल केले पाहिजे. एके दिवशी त्याची आई विसरलेला डबा घेऊन आली, तेव्हा मी तिला व्हरांड्यात थांबवून म्हणालो, "वहिनी, घरी याच्याशी कुणी बोलत नाही का? लाउडस्पीकरची भाषा तेवढी पाठ झालीय!" ती काहीच बोलली नाही. डबा खिडकीत ठेवून निघून गेली. मला वाटले, आपण शिक्षकाचे कर्तव्य केले.

माझे शिक्षण दहावीपलीकडे गेलेले नाही. पण त्या वाक्याचा दोष मी अपुऱ्या शिक्षणावर ढकलू शकत नाही. कारण फार शिकलेली माणसेही तेच वाक्य मोठमोठ्या ग्रंथांतून वर्षानुवर्षे बोलत होती.

१९४३ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरी लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. ही मुले जन्मतःच अशी असावीत, असे त्याने त्या लेखात म्हटले होते. पण त्यांच्या आईबापांत जिव्हाळा कमीच दिसतो, असाही शेरा त्यात होता. एका वाफ्यात दोन बिया पडल्या आणि रुजली ती दुसरी. पुढे 'शीतपेटीसारखी आई' असा शब्दप्रयोगच तिकडे रूढ झाला. आईच्या मायेला ऊब नाही म्हणून मूल गोठले, असे त्याचे तात्पर्य! शिकागोच्या ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली 'द एम्प्टी फोर्ट्रेस' म्हणजे 'रिकामा किल्ला' या ग्रंथात हाच विचार मांडला आणि तो ग्रंथ गाजला. बेटेलहाइम स्वतः नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेले. छावणीतला कैदी जगाकडे पाठ फिरवतो तसे या मुलाचे झाले असावे, असा त्यांचा तर्क होता. ज्याने तो नरक पाहिला त्याला तो सर्वत्र दिसावा, हे समजण्यासारखे आहे. पण मूल जर कैदी, तर त्या उपमेत पहारेकरी कोण ठरला? आई! हा विचार वाचून किती बायकांनी रात्री उशी भिजवली असेल, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

गंमत अशी की त्याच १९६७ साली क्लारा क्लेबॉर्न पार्क या अमेरिकन शिक्षिकेचे आपल्या स्वमग्न मुलीविषयीचे पुस्तक निघाले. त्याचे नाव 'द सीज', म्हणजे 'वेढा'. पंडिताला दिसला तो किल्ला, आईने घातला तो वेढा. मुलगी आपल्याकडे येत नाही ना, मग ती जिथे बसली आहे तिथे आपण जाऊ, असा तो मायेचा वेढा होता. त्याआधी, १९६४ साली, बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने या विकाराचे मूळ शरीरात, मेंदूच्या घडणीत असल्याचे आपल्या ग्रंथात मांडले होते. रिमलँड स्वतः अशाच एका मुलाचा बाप होता. १९६९ साली पालकांच्या एका सभेत खुद्द कॅनर यांनी आईबापांना जाहीरपणे दोषमुक्त केले. आणि १९७७ साली सुसान फोल्स्टीन व मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या एकवीस जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच बीजापासून झालेल्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती. दोन बीजांच्या १० जोड्यांपैकी एकीतही तसे आढळले नाही. आईची माया दोन्हीकडे सारखीच. फरक होता तो रक्ताच्या वारशात. पुढच्या संशोधनाने वारशाचा हा वाटा अधिकच पक्का केला. आई सुटली तसा आळ लसीवर आला. १९९८ साली एका इंग्रज डॉक्टरने तो घेतला. तोही टिकला नाही, आणि ज्या नियतकालिकाने तो लेख छापला होता त्यानेच २०१० साली तो मागे घेतला.

तिकडे शीतपेटी, इकडे ग्रहण. या मुलाच्या आजीचा ठाम समज होता की सुनेने पोटुशी असताना ग्रहणात विळी धरली. आत्या म्हणे, नोकरीवर जाणाऱ्या बाईचे मूल असेच व्हायचे. शेजारणी म्हणत, मोबाइल दाखवला म्हणून. बाप काहीच म्हणत नसे, आणि न बोलणे हाही एक निकालच असतो. शिक्षकाचे मत तर आपण वर ऐकलेच.

माणूस दोषी शोधण्यासाठी इतका उतावीळ का होतो? मला वाटते, दोष देण्यात एक मोठी सोय आहे. कारणावाचून आलेले दुःख माणसाला सोसवत नाही. वीज पडली म्हटले की भीती वाटते, कारण ती उद्या आपल्यावरही पडेल. पण त्याने झाडाखाली उभे राहायला नको होते म्हटले की आपण सुरक्षित होतो. आपण शहाणे, आपण झाडाखाली उभे राहणार नाही! दुसऱ्याला दिलेला दोष हा असा आपल्या भीतीवरचा ताईत असतो. आणि ताईताची किंमत नेहमी तोच मोजतो, जो सर्वांत जवळ असतो आणि ज्याला उलट बोलण्याची सोय नसते. घरोघर ती आई असते.

इथपर्यंतचा प्रश्न सोपा आहे. कुणाही सुबुद्ध वाचकाला तो पटेल. पण पुढचा प्रश्न तितका सोपा नाही, आणि तोच मला या लेखात विचारायचा आहे. ज्या घरात असे मूल आहे त्या घराला आज जाणते लोक एक उपाय सुचवतात. तो आहे कुटुंबोपचार. मुलाला एकट्याला तज्ज्ञापुढे न बसवता आई, बाप, आजी, भावंडे, सर्वांनी मिळून बसायचे. घरातले बोलणे, अबोला, कामाची वाटणी, राग, भीती यांची उकल करायची. आता या आईने काय समजावे? काल तुम्ही सांगितलेत की घराचा दोष नाही. आज म्हणता, घराने बदलले पाहिजे. दोष नाही तर बदल कशाला? आणि बदल हवा, तर दोष होताच की!

ही शंका पोकळ नव्हे. कुटुंबोपचाराची शाखा ज्या काळात वाढली त्याच काळात मनोविकारांचे मूळ घरात शोधण्याची रीत होती. आईला 'सगळे घर घेऊन या' असा निरोप मिळाला की तिला तो कोर्टाचा समन्स वाटतो, यात तिचे काय चुकले?

मला याचे उत्तर ग्रंथांत सापडले नाही. आमच्या कोकणातल्या घरांनी ते दिले. मृगाच्या आधी आम्ही घर शाकारतो. फुटकी कौले काढतो, सरकलेली बसवतो, वासे ठोकून पाहतो. पाऊस घराच्या दोषामुळे पडत नाही. तो समुद्रावरून येतो, आणि शेजाऱ्याच्या अंगणात पडतो तसाच आपल्याही पडतो. पण शाकारणी घरानेच करायची असते, आणि ती केली नाही तर गळके कौल ज्याच्या अंथरुणावर असेल तोच रात्रभर भिजतो. पावसाचे कारण निराळे आणि गळतीचा उपाय निराळा. शाकारणीला सांगितले म्हणून कुणी घरावर पावसाचा आरोप करत नाही. दोष मागे पाहतो, भार पुढे असतो. दोष एकाच्या माथी मारता येतो. भार मात्र वाटून घेता येतो.

तो कसा वाटला जातो, हे मी एकदा प्रत्यक्ष पाहिले.

त्या मुलाची बहीण तेव्हा पाचवीत होती. वर्गात पहिली, अक्षर मोत्यासारखे, कधी तक्रार नाही. 'माझे कुटुंब' या विषयावर मी निबंध दिला होता. तिने आईविषयी लिहिले, बाबांविषयी लिहिले, आजीच्या पोथीविषयी लिहिले, आणि भावाविषयी तर पानभर लिहिले: त्याला कोणता भात आवडतो, कोणत्या आवाजाला तो भितो, रडला तर पाठीवर हात कसा दाबून ठेवायचा. निबंध संपला. वही मिटताना माझ्या ध्यानात आले की त्या कुटुंबात ती स्वतः कुठेच नव्हती. मी पुन्हा वाचले. 'मी' हा शब्द एकदाही आला नव्हता. ज्या घरात एका मुलाला सारे हात लागतात त्या घरात दुसरे मूल गुणी होऊन अदृश्य होते. आम्ही शिक्षक अशा मुलांना आदर्श विद्यार्थी म्हणून बक्षीस देतो!

त्याच सुमारास बापाने कुणाच्या तरी सांगण्यावरून गोव्यात एका समुपदेशिकेकडे जायला सुरुवात केली. दोन-तीन खेपांनंतर तिने निरोप पाठवला की शाळेतल्या गुरुजींनाही एकदा आणा. मी गेलो. साधी खोली, खाली सतरंजी, कोपऱ्यात खेळणी. मुलगा एका झाकणाशी खेळत होता. बाईंनी त्याच्या बहिणीला विचारले, "आई रडते तेव्हा बाबा काय करतात?"

मुलगी म्हणाली, "बाबा स्कूटर पुसतात."

"आणि आजी?"

"आजी देवाकडे वात लावते."

"आणि तू?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मी अभ्यास करते."

खोलीत कुणी काही बोलेना. बापाने खाली पाहिले. इतकी वर्षे त्याच्या बायकोला वाटत होते की या माणसाला काही वाटतच नाही. आणि तो, रडणे दिसू नये म्हणून, चकचकीत स्कूटर पुन्हा पुन्हा पुसत होता. आजी एकदम म्हणाली, "माका भिती वाटता. माज्या मागे हेका कोण बघतलो?" ग्रहण आणि विळी यांच्या मागे एवढी एकच भीती दडलेली होती. एका छपराखाली चार माणसे चार कोपऱ्यांत तेच दुःख करत होती, आणि प्रत्येकाला वाटत होते की बाकीचे तिघे दगड आहेत.

मग आई बोलली. तिने माझ्याकडे पाहिले नाही. ती म्हणाली, "सगळेच विचारतात. गुरुजींनीही विचारलं होतं, घरी याच्याशी कुणी बोलत नाही का म्हणून. त्या दिवसापासून मी रोज रात्री मोजायची, आज मी याच्याशी किती बोलले."

मी व्हरांड्यातले ते वाक्य विसरून गेलो होतो. ती दोन वर्षे ते मोजत होती. मी त्या सतरंजीवर, त्या दोन मुलांच्या देखत, तिची क्षमा मागितली. बाईंनी मला समन्स पाठवला नव्हता. भाराला हात लावायला बोलावले होते. पण आधी हात रिकामा करावा लागतो. दोषाचे बोट उगारलेला हात भार उचलू शकत नाही.

पुढे काही चमत्कार झाला नाही, आणि तो झाल्याचे मी सांगणारही नाही. झाल्या त्या लहान लहान गोष्टी. रविवारी दुपारी आजीने नातवाजवळ बसायचे आणि आईने झोपायचे, असे ठरले. आठवड्यातून एक तास आईबाप फक्त मुलीचे. 'तुझ्यामुळे' हा शब्द घरातून हद्दपार झाला. जो उच्चारील त्याने दुसऱ्या दिवशी पाणी भरायचे. आणि बापाने रोज संध्याकाळी मुलाला घेऊन एस. टी. स्टँडवर जायचे, त्याला गप्प करायला नव्हे, त्याच्या शेजारी उभे राहायला. मुलगा घोषणेचा अर्धा भाग म्हणे, बाप उरलेला म्हणे. असे कित्येक आठवडे गेले. एका संध्याकाळी मुलगा "सावंतवाडीकडे जाणारी गाडी" म्हणून थांबला आणि बापाच्या तोंडाकडे पाहू लागला. तो वाट पाहत होता! आठ वर्षांच्या त्या मुलाने बापाला बोलण्याचे दिलेले ते पहिले निमंत्रण होते. बापाने मला हे सांगितले तेव्हा त्याचा आवाज फुटला. या वेळी तो स्कूटर पुसायला गेला नाही.

हे एका घरापुरते झाले असे कुणी म्हणेल. पण अशी पद्धत पारखूनही पाहिलेली आहे. गोव्यातल्या 'संगाथ' या संस्थेने आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या कार्यकर्त्यांनी मिळून ६५ स्वमग्न मुलांच्या घरांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. उपचार करणारे मोठे डॉक्टर नव्हते. शिकवून तयार केलेले साधे कार्यकर्ते होते. आईबाप मुलाशी खेळत असताना त्याचे चित्रण करायचे, मग ते आईबापांबरोबर बसून पाहायचे, आणि मूल जिथे क्षणभर का होईना आपण होऊन वळले तो क्षण दाखवायचा: पाहा, इथे तुम्ही थांबलात आणि ते आले. चुका दाखवायच्या नाहीत. जे साधले ते दाखवायचे. सुमारे बारा बैठकींनंतर आईबाप मुलाच्या कलाने अधिक वागू लागले आणि मुले आपण होऊन अधिक संवाद सुरू करू लागली, असे आढळले. एका बाबतीत मात्र, दोघांचे लक्ष एकाच वस्तूवर असण्याचा वेळ कमी भरला. तेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले. सरहद्दीच्या अल्याड-पल्याडच्या आया एकाच रीतीने आपल्या मुलांची वाट पाहत बसल्या, ही गोष्ट मला त्या आकड्यांहून मोलाची वाटते.

आणि हे सारे विलायतेहून आलेले आहे असेही नव्हे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० नंतरच्या दशकात रुग्णांबरोबर त्यांच्या घरच्या माणसांनाही आवारात तंबू ठोकून ठेवून घेतले. ज्या काळी वेड्याला आत टाकून दार लावायची रीत होती, त्या काळी या भल्या माणसाने दार उघडून घरालाच आत घेतले. रुग्ण लवकर घरी परतू लागले, कारण घर त्यांना विसरलेच नव्हते.

तरीही दोन आक्षेप उरतात, आणि ते टाळून लेख संपवणे हे कच्चे गणित बरोबर म्हणून सोडण्यासारखे होईल.

पहिला आक्षेप पुराव्याचा. वर सांगितलेले प्रयोग पालकांच्या द्वारे मुलाशी संवाद वाढवण्याचे आहेत. सगळ्या कुटुंबाला बसवून करायच्या उपचाराचा स्वमग्नतेत किती उपयोग होतो, याचा शोध २०१७ साली एका जागतिक आढाव्याने घेतला, तेव्हा कसोटीला उतरणारा एकही प्रयोग हाती लागला नाही. म्हणून जो कुणी 'सहा बैठकींत घर सुधारतो, मूल बरे करतो' अशी पाटी लावील, त्याच्या दारात पाय ठेवू नये. स्वमग्नता हा उतरणारा ताप नव्हे. घराला आधार मिळतो, मुलाला आपली माणसे सापडतात. एवढे मिळाले तरी मी ते थोडे समजत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. घराने शिकावे, घराने सोसावे, घराने बदलावे, असे म्हणता म्हणता आपण गावाची आणि सरकारची जबाबदारी घराच्या, म्हणजे पुन्हा आईच्याच, पदरात तर घालत नाही ना? घालतो, आणि सर्रास घालतो. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचा समावेश झाला. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारांत तिला जागा मिळाली. कायदे चांगले आहेत, पण कायद्याच्या कलमाला हात नसतात. ते हात शाळेचे, दवाखान्याचे, शेजाऱ्यांचे असावे लागतात. शाकारणी घराने करायची हे खरे. पण कौले चढवायला आळीतली चार माणसे आली नाहीत, तर एकटी बाई छपरावर चढून काय करील? म्हणून मी कुटुंबोपचाराचा अर्थ थोडा ताणून घेतो. जिथवर त्या मुलाला आवाज लागतो, तिथवर त्याचे कुटुंब. आमची घंटा त्याच्या कानाला लागत होती, म्हणून आमची शाळा त्याच्या कुटुंबात होती. आम्ही ती घंटा बदलली. आता शिपाई हातातली लहान घंटा वाजवतो. तिच्याने कुणाचेही शिक्षण अडलेले नाही.

शेवटी एक गोष्ट राहते, ती या सगळ्याच्या मुळाशी आहे. भार वाटून घ्यायचा म्हणतो, पण मूल म्हणजे भार काय? जिम सिंक्लेअर या स्वतः स्वमग्न असलेल्या अमेरिकन व्यक्तीने १९९३ साली एका परिषदेत पालकांना सांगितले होते की, तुम्ही ज्या मुलाची स्वप्ने पाहिलीत ते आले नाही म्हणून शोक करायचा तर करा, पण तो आमच्यासाठी करू नका. आम्ही इथे आहोत, जिवंत आहोत आणि तुमची वाट पाहत आहोत. त्या सांगण्याचा आशय असा होता. ते वाचल्यावर माझ्या ध्यानात आले की भार मुलाचा नव्हताच. भार होता तो न आलेल्या मुलाचा. आजीच्या भीतीचा, बापाच्या मौनाचा, आळीच्या कुजबुजीचा आणि एका शिक्षकाच्या वाक्याचा. तो खांद्यावरून उतरला की उरते ते एक मूल. त्याला सांभाळायला कष्ट पडतात, पण कष्ट कुठले मूल देत नाही?

आजीच्या प्रश्नाला मात्र अजून उत्तर मिळालेले नाही. तिच्या मागे याला कोण पाहणार? बहीण म्हणते, मी. आता ती कॉलेजात जाते, आणि तिने हे म्हटले की समुपदेशिका तिला दर वेळी विचारते, "आणि तुझं काय?" हा प्रश्न तिला विचारणारे कुणीतरी आहे, याचा मला आनंद वाटतो. आजीला उत्तर द्यायचे ते गावाने द्यायचे आहे.

गेल्या वर्षी आमच्या आळीतल्या पोरांनी आपण होऊन ठरवले की लक्ष्मीपूजनाचे फटाके आळीत न वाजवता नदीकाठी न्यायचे. सगळ्यांनी ते पाळले असे नाही. दोन-चार बार उडालेच, आणि दोन-चारदा गोधड्या लागल्याच. पण मधल्या तासाभरात ते दार उघडे होते. मुलगा अंगणात पणत्या लावत होता. एका पणतीपासून दुसऱ्या पणतीचे अंतर तो वितीने मोजत होता. एकही इकडची तिकडे होऊ देत नव्हता. आजी पायरीवर बसून तेल पुरवत होती. मी फाटकाशी उभा राहिलो. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. पण एक पणती उचलून माझ्या पायांपासून वीतभर अंतरावर आणून ठेवली, आणि पुढची ठेवायला निघून गेला.

यंदा त्या रांगेत आपलीही एक पणती असावी.